शुक्रवारची दोन तिकिटं

कपडे भिजवण्याआधी खिसे तपासायची धुरपदाबाईची जुनी सवय. सोमवारी नवऱ्याच्या, रघुनाथच्या शर्टातून दोन तिकिटं निघाली. गेल्या शुक्रवारच्या दुपारच्या खेळाची. बरं, सिनेमा कोणता? तर काल रविवारी दोघांनी मिळून बघितला तोच. आता सांगा, बाईमाणसाने काय समजायचं?

यंत्रमागांच्या उधन्यात राहणाऱ्या या जोडप्याला एकच शौक. ज्या सिनेमांचं नाव गल्लीत कोणी ऐकलेलं नसतं, जे आठवडाभर एकाच खेळाला लागतात आणि गुपचूप उतरतात, ते रविवारी थेटरात जाऊन बघायचे. मग बाहेरच्या गाडीवर वाफवलेल्या डाळीचा लोचो खायचा. प्लेट संपेपर्यंत सिनेमाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि संपली की खरं ते बोलायचं, कोणाचं मन राखायचं नाही. पोरगी लग्न होऊन नंदुरबारला गेल्यापासून दोघांचं मोकळं बोलणं ते तेवढंच उरलं होतं. त्या प्लेटीची धुरपदाबाई आठवडाभर वाट बघायची.

पण वर्षभरात रघुनाथची मतंच पालटली होती. पूर्वी सिनेमातल्या मुक्या, बाजूला पडलेल्या माणसावर त्याचा जीव जडायचा. आता म्हणायचा, हाणामारी कमी पडली. कालच्या सिनेमात एका विधवेला भाऊ घराबाहेर काढतो. धुरपदाबाईचे डोळे भरून आले, आणि हा म्हणे, उगाच रडते बया, भावाच्या दोन कानाखाली वाजवायला पाहिजे होत्या. हे बोलणं रघुनाथचं नव्हतंच मुळी. कोणीतरी पढवलेलं होतं. शिवाय हल्ली पाठीमागून हाक मारली तर ओ द्यायचा नाही, आणि समोर बसली की टक लावून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. मनात पाप असल्याशिवाय माणूस असा बघेल का?

धुरपदाबाईने तिकिटं डाळीच्या डब्यात दडवली आणि आठवडाभर तोंडातून शब्द काढला नाही.

शुक्रवारी रघुनाथ म्हणाला, कारखान्यातल्या लूमचे पार्ट आणायला शेठ पांडेसऱ्याला पाठवतोय. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. पार्ट आणायला मेलं कोण दाढी करतं! तो वळणावर दिसेनासा होताच तिने गॅस बंद केला आणि रिक्षाने थेट थेटर गाठलं.

आत सात-आठ डोकी. ती शेवटच्या रांगेत बसली. पुढे रघुनाथ, त्याच्या शेजारी कोणीतरी अंग चोरून त्याच्याकडे वळून बसलेलं, आणि दोघांची तोंडं अगदी जवळ. एवढी वर्षं या माणसाचा संसार केला तो यासाठी? जाऊन त्या सटवीच्या झिंज्याच धराव्यात म्हणून ती उठलीसुद्धा.

तेवढ्यात पडद्यावर भर दुपारचं ऊन पडलं आणि त्या उजेडात तिला दोन केसाळ हात दिसले. एका हाताच्या करंगळीचं पेर तुटलेलं. तो छगन होता, रघुनाथसोबत लूमवर काम करणारा. त्याचे हात भराभर हलत होते.

लूमच्या कारखान्यात माग एकदम सुरू झाले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथे माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. लग्नानंतर सहा वर्षं धुरपदाबाईने तिथेच बॉबिनी भरल्या होत्या, ही बोली तिला पाठ होती. छगनचे हात पडद्यावरचं बोलणं सांगत होते, आई म्हणते घर विकायचं नाही, पोरगा म्हणतो विकणारच. रघुनाथच्या हातांनी विचारलं, आई पाठमोरी आहे, रडते का चिडली? मग तेच हात म्हणाले, हळू सांग, आणि कसा वाटला तेही सांग. परवा धुरपदा विचारेल.

ती पुन्हा खुर्चीत बसली. मागांच्या आवाजाने नवऱ्याचे कान गेले होते. घरात तो तिचे ओठ वाचून निभावत होता, पण सिनेमातली माणसं पाठ फिरवून, अंधारात, कशीही बोलतात. तिला रडू आलं आणि संतापही तेवढाच आला. मध्यंतर व्हायच्या आत ती घरी परतली.

रविवारी तोच सिनेमा. आईचा प्रसंग येताच धुरपदाबाईने रघुनाथच्या दंडाला हात लावला, आणि पडद्याच्या उजेडात हात उचलून सांगितलं, आई म्हणते घर विकायचं नाही. रघुनाथ तिच्या हातांकडे बघतच राहिला. मग सिनेमा संपेपर्यंत तिने एकही वाक्य सोडलं नाही.

गाडीवर प्लेट संपली. ती म्हणाली, "वर्षभर मी छगनभाऊंच्या मतांशी भांडत होते. आता तुमचं सांगा."

रघुनाथने चमचा प्लेटीत ठेवला. "भीती वाटली," तो म्हणाला. "वाटलं, तू म्हणशील बहिऱ्याला कशाला सिनेमा. मग रविवारही गेला असता."

"सिनेमाचं विचारलं मी."

"ती आई घर विकायचं नाही म्हणते ना, तेव्हा ती चिडलेली नसते. घाबरलेली असते."

हे बोलणं रघुनाथचं होतं. धुरपदाबाईने डोळे पुसले. मग त्याला ओठ नीट दिसावेत म्हणून गाडीवरच्या बल्बकडे तोंड केलं आणि म्हणाली, "चूक. चिडलेलीच होती."