फिरतं दुखणं

"नाटकं करतोय लेकाचा!" मास्तर अंगणातून ओरडले. "काल पुढचा डावा पाय उचलत होता, आज मागचा उजवा. खरं दुखणं असं बिऱ्हाड बदलत नाही."

"अहो, पण जेवलाही नाही तो," बायको दारातून म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

तीस वर्षं मास्तर लोकांच्या कुत्र्यांना शिकवत आले होते. शिकून तयार झालं की प्रत्येक कुत्रं आपल्या मालकाकडे जायचं. आठ महिन्यांचा दांडगा नावाचा हा कुत्रा मात्र त्यांचा स्वतःचा, पहिलाच. मास्तरांचा नियम साधा होता. हुकूम एकदाच द्यायचा. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली की तोंड नाही, हात वापरायचा. ते "बस" म्हणाले. दांडगा नुसता बघत राहिला. मास्तरांनी कमरेवर हात दाबून त्याला खाली बसवलं. तो केकाटला. असं सहा दिवस चाललं.

सातव्या दिवशी तो उठेचना, तेव्हा कुठे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. बाई वयाने मास्तरांच्या मुलीसारख्या. त्यांनी पायांची हाडं एकेक करून चाचपली.

"मोठ्या जातीची पिल्लं भराभर वाढतात ना, त्यांना होतं हे. हाडं आतून ठणकतात. आज या पायात, उद्या त्या. काही महिन्यांत जाईल. गोळ्या देते. तोवर पळवू नका, दाबू नका."

"म्हणजे दुखणं फिरतं?"

"फिरतंच."

मास्तरांचा चेहरा खाडकन उतरला. ज्या खुणेवरून आपण लबाडी पकडली म्हणून आठवडाभर ऐट मारली, तीच नेमकी दुखण्याची खूण निघाली. पाय बरे होणार होते. पण हा आता आपला हात अंगाला लावून घेईल का, ही धास्ती वाटभर सुटली नाही.

शिकवणी बंद झाली. दोन आठवड्यांनी एका सकाळी त्यांनी कुरवाळायला म्हणून हात पुढे केला. हुकूम दिलाच नव्हता. तरी दांडगा त्या हाताकडे बघत, थरथरत, मागचे पाय सावकाश मुडपून खाली बसला.

"नको रे बसू," मास्तर म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा. दांडगा हलला नाही.

मास्तर दोन्ही हात पाठीमागे घेऊन, कुरकुरणारे गुडघे मुडपून त्याच्यासमोर जमिनीवर बसले. बायकोने चहा आणून शेजारी ठेवला. तो गार झाला, तरी मास्तरांनी कपाकडे हात नेला नाही.