सोनूबाईची पाठ

आपल्या घरामागच्या उकिरड्याला मुंबईची माणसं रंग देत आहेत, असं शेजारणीनं सांगितलं तेव्हा दैवशालाला हसू आलं. मग ती काठी टेकत बघायला गेली आणि तिचं हसू जिरलं.

उकिरडा तिच्या बापाचा, रामरावांचा. गोठ्याच्या मागं, बाभळीखाली. त्यावर चार पोरांनी काळं पाणी शिंपडलं होतं, चिंध्या अंथरल्या होत्या आणि आता ती पोरं प्लास्टिकच्या पिशव्या एकेक करून खोचत होती. बाजूला लोखंडी रूळ, त्यावर कॅमेरा, आणि दोरीच्या पलीकडं सगळं हसनाबाद.

"कल्याण, साठ साली ह्या गावात पिशवी कुठली रे? मीठसुद्धा पुडीत बांधून यायचं."

कल्याण तिचा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा. आठ दिवसांपासून गळ्यात पट्टा अडकवून शूटिंगवाल्यांच्या मागं पळत होता. "आत्या, सिनेमावाले हायेत ते. त्यांना बराबर ठाऊक असतं."

"अन् दाखवून काय राह्यले इथं?"

कल्याणनं मान खाजवली. "काकाचा जन्म."

कल्याणचा काका म्हणजे दैवशालाच्या दोन भावांतला थोरला. मुलूख त्याला युवराज सागर म्हणतो. शाळेच्या हजेरीत तो कचरू रामराव होता. अठराव्या वर्षी भोकरदनहून एस.टी.नं जालन्याला गेला, तिथून रेल्वेनं मुंबईला. अठरा वर्षं त्यानं पडद्यावर मारच खाल्ला. खलनायकाच्या मागं उभ्या असलेल्या चौघांतला तो एक. नायकानं पहिली लाथ घातली की फळांच्या गाडीवर जाऊन पडणारा. मग एकाएकी नशीब उघडलं. तो वाया गेलेला भाऊ झाला, मग पोरका इन्स्पेक्टर झाला आणि अलीकडं केस पांढरे झाल्यावर नायकाचा बाप झाला. आता पासष्टीला त्याच्याच आयुष्यावर मोबाईलवर बघायची मोठी मालिका निघत होती. पैसा त्याचाच.

"काय दाखवणार? सगळं सांग."

"आजी येते, लेकराला उकिरड्यावर टाकते, पाठ फिरवते अन् निघून जाते. वळून बघत न्हाई. मंग एक ट्रकवाला उचलतो त्याला."

"कोण टाकते?"

"आजी. सोनूबाई." कल्याण दोन पावलं मागं सरला. "अगं, टाकलंच होतं ना? काकाचं नावच कचरू. त्या लिहिणाऱ्या मॅडमनं मला इचारलं, आपल्याकडं लेकरं टाकायचे का म्हणून. मी म्हणलं, हो, टाकायचे. लहानपणापासून तेच ऐकलंय."

दैवशालाची काठी वर गेली. ती खाली घ्यायला तिला दात आवळावे लागले. दोष पोराचा नव्हता. त्याला अर्धंच माहीत होतं, आणि बाकीचं अर्धं सांगणारी तीच होती. तिनं ते कधी सांगितलं नव्हतं.

ती नऊ वर्षांची होती. कचरूच्या आधी आईचे तीन मुलगे गेले होते. एक पाचवीच्या आत, एक रांगता, एक देवीच्या साथीत. चौथा झाला तेव्हा आई त्याच्याकडं बघायला भ्यायची. जाणत्या बायका म्हणाल्या, हिचं लेकरू मरणाच्या डोळ्यावर येतं. ते हिचं नाही असं मरणाला दाखवा. उकिरड्यावर टाका, दुसऱ्या बाईनं उचलू द्या, नाव कचरू ठेवा. कचरा कोण चोरून नेतो?

उचलायला बाई कोण, हा प्रश्न होता. मेल्या लेकरांचा विटाळ अंगाला लागेल म्हणून भावकीतली एकही पुढं येईना. शेवटी आईनं भिवाच्या कांताबाईला निरोप धाडला. भिवानं छप्पन सालीच दीक्षा घेतलेली. घरातले देव त्यानं नदीत सोडले होते. तो बायकोला म्हणाला, "आपण असलं मानत न्हाई आता. पण त्या बाईचे तीन गेलेत. देवासाठी नको जाऊ, तिच्यासाठी जा."

पाचवीच्या सकाळी आईनं लेकराला सुपात घातलं, खाली मऊ धडपं अंथरलं, आणि सूप ह्याच उकिरड्यावर ठेवलं. मग पाठ फिरवून उभी राहिली. पाठ फिरवायचीच होती. आईनं वळून बघितलं तर मरणाला कळतं की हे हिचंच आहे. दैवशालाच्या हातात तुराटी दिली होती. तिचं काम एकच, कुत्री हाकलायची.

कांताबाई गावाबाहेरच्या वस्तीतून येईपर्यंत वेळ लागला. लेकरू बेंबीच्या देठापासून रडत होतं. आई पाच दिवसांची बाळंतीण. पायांवरून रगत ओघळत होतं आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तिची पाठ थरथरत होती. पाठीवरचं लुगडं घामानं भिजलं होतं. पण ती वळली नाही. एकदाच तिनं पदर काढून विचारलं, "दैवशाला, कुत्रं तर न्हाई ना गं?"

कांताबाईनं सूप उचललं. "उचललं गं माय. आता माझं हाय. वळ."

रीतीप्रमाणं आईनं सव्वाशेर जोंधळे देऊन लेकरू विकत घ्यायचं होतं. कांताबाईनं दाण्याला हात लावला नाही. "लेकराचा सौदा मला नको. तसंच घे." त्या दिवसापासून आईनं कांताबाईला उंबऱ्याच्या आत, आपल्या शेजारी बसवलं. गाव बोलत राहिलं, आई बसवत राहिली.

असं टाकलं होतं कचरूला.

आणि हे सगळं त्याला ठाऊक होतं. दैवशालानंच त्याला सांगितलं होतं. मिसरूड फुटायच्या वयात शाळेतली पोरं नावावरून चिडवायची, तेव्हा. ऐकून तो कांताबाईच्या घरी पळत गेला होता आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता.

म्हणून तर शहाण्णव सालचा तो दिवस तिच्या छातीत काट्यासारखा मोडून राहिला होता. टीव्हीवर कचरूची मुलाखत होती. घरात माणसं मावत नव्हती. आई सगळ्यात पुढं, नवं पातळ नेसून. मुलाखत हिंदीत. कचरू म्हणाला, माझं खरं नाव कचरू, कारण माझ्या आईनं मला कचऱ्यात टाकलं आणि पाठ फिरवली. मुलाखत घेणारी बाई डोळे पुसायला लागली. कचरूनं खाली बघितलं आणि गप्प झाला. पुढचं एक अक्षर बोलला नाही.

आईला हिंदी कळत नव्हती. तिनं दैवशालाचा हात ओढला. "काय म्हणून राह्यला गं माझा कचरू?"

"तुझी आठवण काढून राह्यलाय," दैवशाला म्हणाली.

आई दोन वर्षांनी त्याच समाधानात गेली. त्या मुलाखतीनंतर कचरूला एका महिन्यात तीन पिक्चर मिळाले. दैवशाला गिळून बसली. भाऊ वर येतोय, येऊ द्यावं. पण बोलून गेलेला शब्द वेगळा. आता आईला उभं करून, लुगडं नेसवून, तिच्या नावानिशी दाखवणार होते. उद्या कल्याणच्या बहिणींची, तृप्तीची अन् मोनालीची, पोरं विचारतील, आपली पणजी अशी होती का?

दैवशाला सरळ कचरूच्या गाडीकडं गेली. गाडी कसली, चाकावरचं घरच. दारातल्या माणसानं "माताजी, माताजी" केलं, तिनं त्याला काठीनंच बाजूला सारलं.

कचरू आरशासमोर बसला होता. एक पोरगी त्याच्या भुवया काळ्या करत होती. तो उठला, वाकला. "अक्का! बैठ. चहा सांगू?"

"आई टाकून गेल्ती का तुला?"

त्यानं पोरीला बाहेर जायची खूण केली. दार लागल्यावर त्याचा आवाज बदलला, गावाकडचा झाला. "अक्का, ती कहाणी हाय. लोकांना समजावी लागते. तुझी ती रीत, ते सूप, ते जोंधळे, दिल्लीच्या माणसाला काय कळणार?"

"लेकरू जगावं म्हणून आई रडते, हे दिल्लीच्या माणसाला कळत न्हाई?"

"अठरा साल मी मार खाल्ला, अक्का. कुणाला माझं नाव ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्या बाईनं इचारलं, मी सांगायला लागलो. अर्धं सांगितलं अन् तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी थांबलो. बस, थांबलो. खोटं कुठं बोललो? टाकलं होतं, पाठ फिरवली होती. दोन्ही खरं."

"अन् कांतामाय? तिच्या जागी ट्रकवाला?"

"ट्रकवाल्याचं काम एक मोठा हिरो करून राह्यलाय. मेहमान म्हणून."

कांताबाई अजून होती. अठ्ठ्याऐंशीची, वाकलेली, पण होती. पाचशे पावलांवर. आठ दिवसांत हा तिच्या दारात गेला नव्हता.

"आईला मी खोटं सांगितलं रे," ती म्हणाली. "तुझी लाज झाकायला. ती मरताना म्हणाली, माझा कचरू टीव्हीवर माझं नाव घेतो. आज तू तिचं नाव घेऊन तिला नागवी करून राह्यलास. बंद कर हे."

"आता न्हाई होत, अक्का. सगळं ठरलंय." मग तो तिचा हात धरून म्हणाला, "पाहिजे तर आईच्या नावानं शाळेला एक हॉल बांधतो. बिलकुल मोठा."

तिनं हात सोडवून घेतला. "भिताडावर आईचं नाव लिहिशील, अन् आत पोरं तिला शिव्या देतील. ठेव तुझा हॉल."

बाहेर पडताना गोठ्याच्या कुडातून तिनं एक तुराटी उपसली. काठी तिथंच टेकवून ठेवली.

उकिरड्यावर रबराचं बाळ ठेवून झालं होतं. सोनूबाई झालेली नटी फाटकं लुगडं नेसून उभी होती. दिग्दर्शक भोंग्यातून काहीतरी ओरडला आणि तेवढ्यात दोरीखालून दैवशाला आत गेली. चिंध्या तुडवत उकिरड्यावर चढली आणि रबराच्या बाळाच्या पुढं उभी राहिली. पहिला माणूस जवळ आला तशी तुराटी त्याच्या पायाजवळ सपकन आपटली.

"हाड!"

"माताजी, शॉट है..."

"हाड म्हणते ना! माझं कामच हे. नऊ वर्षांची असल्यापासून."

गर्दीत हसू फुटलं. कुणी म्हणालं, "आत्याला पण घ्या पिक्चरमध्ये!" कल्याण हात जोडत पुढं आला, "आत्या, गावाची इज्जत जाऊन राह्यली, उतर." ती म्हणाली, "इज्जतच राखून राह्यले, मेल्या."

शेवटी कचरू आला. शंभर मोबाईल वर झाले. दैवशाला वरूनच ओरडली, आवाज फाटला तरी थांबली नाही. "कचरू, सगळ्यांसमोर सांग! ह्या जागी आई पाठ फिरवून का उभी होती? तू सांग, मी उतरते!"

गावातल्या चार-सहा म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक होतं. त्यातला पुंजाराम तर पुढच्याच रांगेत होता. त्यानं टोपी सरळ केली आणि खाली बघितलं.

कचरूनं गर्दीवर नजर फिरवली. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, बरोबर गालापर्यंत उतरलं आणि थांबलं. दैवशालाला त्याचं रडणं माहीत होतं. तो रडायचा तेव्हा तोंड वेडंवाकडं व्हायचं, नाक गळायचं. हे ते नव्हतं.

"इसी गुस्से ने मुझे पाला है," तो गर्दीकडं बघून म्हणाला. "मेरी अक्का. माँ ने छोड़ा, इसने नहीं छोड़ा."

टाळ्या पडल्या. शिट्ट्या झाल्या. कचरू उकिरड्याजवळ आला आणि तिचे पाय धरायला वाकला. कॅमेरा त्याच्या मागून रुळावरून सरकत आला.

दैवशालानं पाय मागं घेतले. त्याचे हात चिंध्यांवर पडले. ती त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली.

"अक्का, वळ. बघून राह्यलेत सगळे," तो दातांतल्या दातांत म्हणाला.

ती वळली नाही. त्यानं दोनदा हाक मारली, मग एकदा नुसतंच "अगं" म्हणाला. दिग्दर्शक आला, कल्याण आला, गावचा पोलीस पाटील आला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला उचलून न्यायची छाती कुणाची झाली नाही. सगळ्यांचे मोबाईल चालू होते. ऊन बाभळीच्या पलीकडं गेलं. आई ह्याच जागी अशीच उभी राहिली असेल, पाच दिवसांची बाळंतीण, आणि पायाखाली रगत. आपल्याला तर नुसतं म्हातारपण आहे.

मागून आवाज येत राहिले. वायरी गुंडाळल्या जात होत्या. "छोड़ो, फिल्मसिटी में बना लेंगे," कुणीतरी वैतागून म्हणालं. म्हणजे तिकडं होणारच होतं. तिला ते कळलं आणि तरी ती हलली नाही. हा उकिरडा तरी नाही. इथं नाही.

गाड्या सुरू झाल्या. बराच वेळ धुराळा घशात गेला. मग मागं एक ओळखीचं खोकणं ऐकू आलं, आणि दोन काठ्यांची टकटक. कांताबाईला कुणीतरी सांगितलं असावं.

"कांतामाय," दैवशालानं तसंच पाठमोरं विचारलं, "गेला का गं?"

"गेला."

"तुझ्या दारी आल्ता?"

कांताबाईनं दोन्ही काठ्या एका हातात घेतल्या. "न्हाई. गाडीची काच वर होती. वळ आता."

दैवशाला वळली. कांताबाईनं वर हात केला, तिनं तो धरला आणि दोघी एकमेकींना सावरत उकिरड्याखाली आल्या. दोरी तुटून पडली होती. गर्दी पांगली होती. एक पिवळं कुत्रं बाभळीमागून वास काढत येत होतं.

"अगं, ते रबराचं लेकरू ऱ्हायलं तिथंच," कांताबाई म्हणाली. "कुत्रं ओढंल."

दैवशालानं तुराटी मोडून उकिरड्यावर फेकली.

"ओढू दे. ते आपलं न्हाई."