हिरव्या शाईची खूण

"तुमच्या बाईंचा मी राग नाही हो धरला," लाँड्रीवाली म्हणाली. "आजारपणात कुणाचंही लक्ष उडतं."

मी टोकन वाटत होतो. तिचं टोकन माझ्या हातात तसंच राहिलं.

आमचं केंद्र म्हणजे वाचनालयाच्या मागचा हॉल. ज्यांना सल्लागाराची फी परवडत नाही अशा घरांचे कराचे फॉर्म इथं फुकट भरून देतात. माझी बायको इथं बारा वर्षं काम करायची. मी नळदुरुस्तीवाला, मला त्यातलं फारसं कळत नाही. ती गेल्यावर घरात बसवेना, म्हणून यायला लागलो. टोकन देतो, फायली लावतो, चहा करतो.

"लक्ष उडालं म्हणजे काय?" मी विचारलं.

तिनं पिशवीतून दोन कागद काढले. एक कर खात्याची नोटीस. दुसरं आमच्या केंद्राचं पत्र, दंड माफ करावा म्हणून खात्याला लिहिलेलं. खाली ताईची सही. ताई म्हणजे केंद्र चालवणारी. सगळे तिला ताईच म्हणतात. पत्रात होतं, 'फॉर्मची दुसरी तपासणी करणाऱ्या आमच्या दिवंगत स्वयंसेविका त्या काळात गंभीर आजारी होत्या. त्यांच्या नजरचुकीमुळे हा प्रकार घडला.'

प्रकार असा होता. लाँड्रीवालीचा नवरा वेगळा राहतो. मोठी मुलगी गेल्या वर्षी त्याच्याकडे राहायला गेली. त्यानं तिला आपल्या फॉर्मवर दाखवली आणि हिच्या फॉर्मवरही ती होतीच. एक पोर दोन घरांत. खात्यानं त्या पोरीमागे दिलेले पैसे परत मागितले, वर दंड.

"फॉर्म भरणाऱ्यांनी मागच्या वर्षीचंच उतरवून घेतलं," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं नसतं का?"

"माझ्या बायकोनं नेहमीसारखं घरात ताटं किती ते विचारलं नाही?"

ती हसली. "मागच्या खेपेला विचारलं होतं की! जेवायला ताटं किती मांडता? मी म्हटलं, का हो बाई, जेवायला येताय? तर म्हणाल्या, भाजी काय केलीय त्यावर ठरवू." मग तिचं हसू थांबलं. "यंदा नाही विचारलं. यंदा मी त्यांना पाहिलंच नाही, काका."

केंद्राचा नियम असा की एकानं भरलेला फॉर्म दुसऱ्यानं वाचून खूण केल्याशिवाय जायचा नाही. ही दुसरी खूण माझ्या बायकोची. घरच्या माणसाला समोर बसवल्याशिवाय ती वाचायचीच नाही. हिरव्या शाईचं पेन, आणि समासात निदान एक तरी प्रश्न. मी म्हणायचो, सगळं बरोबर असलं तरी? ती म्हणायची, "तुम्हाला नळातलं कळतं, माणसातलं नाही. विचारल्याशिवाय कोण सांगतं?"

मी कपाटातून लाँड्रीवालीची फाईल काढली. हिरवी खूण होती. माझ्या बायकोच्या नावाची दोन अक्षरं होती. समास कोरा होता. मग तारीख वाचली आणि स्टुलावर बसलो.

त्या तारखेला ती अतिदक्षता विभागात होती. दोन दिवस शुद्ध नव्हती. मी बाहेर बाकावर आणि माझ्या शेजारी ताई. सकाळी तिनं मला बळेच दोन बिस्किटं खायला लावली. दुपारी म्हणाली, "भाऊजी, अक्कांची पर्स द्या जरा. कपाटाची चावी त्यात आहे, तिकडे लोक खोळंबलेत." माझ्या बायकोला ती अक्का म्हणायची, म्हणून मी भाऊजी. मी स्वतः पर्स उघडून तिच्यापुढं धरली. तीन तासांनी ती परत आली, चावी जागेवर ठेवली आणि माझा हात धरून रडली.

हिरवं पेन मला नंतर सापडलं नाही. त्यासाठी मी घर पालथं घातलं होतं. हॉस्पिटलातल्या मावशींनी टाकलं असेल म्हणून त्यांना नाही नाही ते बोललो होतो.

त्या आठवड्याच्या सगळ्या फायली काढल्या. एक्केचाळीस. सगळीकडे खूण, सगळे समास कोरे.

ताई तिच्या खोलीत होती. "बसा ना भाऊजी," ती म्हणाली. मी बसलो नाही. फाईल उघडून पुढं ठेवली.

"ही खूण कुणाची?"

तिनं बघितलं आणि लगेच बोलली. उत्तर तयारच असावं.

"शेवटचे चार दिवस राहिले होते, भाऊजी. एक्केचाळीस घरं. दुसऱ्या खुणेशिवाय फॉर्म जात नाहीत, आणि फॉर्म गेले नाहीत तर केंद्राला अनुदान मिळत नाही. मी काय करायला हवं होतं?"

"स्वतःची खूण करायचीस."

"मी तपासनीसांच्या यादीत नाही. ती परीक्षा अक्कांनी दिली होती, मी नाही."

"मग मला विचारायचंस. शेजारीच तर बसलो होतो."

तिनं फाईल मिटून बाजूला सरकवली.

"बरं, तेही सोडतो," मी म्हणालो. "घाई होती. तिला कळलं असतं तर दोन दिवस फणफणली असती आणि मग निवळली असती. पण हे पत्र? हे तर तू आता लिहिलंस, शांतपणे बसून. चूक तुझी आणि खापर तिच्या माथी?"

"अक्कांना आता काय फरक पडतो? गेलेल्या माणसाला कोण विचारायला येतंय? या बाईचा दंड माफ होईल. अक्का असत्या तर त्याच म्हणाल्या असत्या, लिही माझं नाव."

हे खरं असू शकतं, याचाच मला जास्त राग आला. ती म्हणालीही असती. पण ते तिनं म्हणायचं होतं.

"बाहेर ती बाई मला सांगते, राग नाही धरला. माझ्या बायकोला माफ करते ती! अजून किती जणांना असं पत्र दिलंस?"

"एकालाच. नोटिसा दोघांनाच आल्यात." ती थांबली. "अजून तरी."

मग तिनं आवाज खाली आणला. "खरं लिहिलं तर अनुदान जाईल. हॉल बंद होईल. बाहेर बसलेत ते कुठं जातील? अक्कांनी उभं केलेलं तुम्ही मोडणार का?"

दारातून खुर्च्या दिसत होत्या. एक बाई मांडीवरच्या पोराला थोपटत होती. एक म्हातारा कागदांची पिशवी छातीशी धरून बसला होता. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या टेबलावरच्या मगाकडे लक्ष गेलं. त्यात पेन्सिली होत्या, कात्री होती आणि हिरवं पेन होतं. टोपण चावलेलं. वाचताना टोपण चावायची सवय होती माझ्या बायकोला.

मी ते उचललं. ताईनं अडवलं नाही.

"नवीन पत्र लिही," मी म्हणालो. "अनुदान जायचं तर जाऊ दे."

तिनं कागद ओढला आणि लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं. 'आमच्या केंद्राकडून नजरचूक झाली.' मी समासात हिरव्या शाईनं लिहिलं, कुणाकडून? माझं अक्षर वाईट आहे, पण वाचता येत होतं.

तिनं दुसरा कागद घेतला. 'माझ्याकडून नजरचूक झाली.' मी परत समासात लिहिलं, नजरचूक?

"भाऊजी, इतकं नका ना ताणू. मी काय स्वतःसाठी केलं?"

मी पेन धरून उभा राहिलो.

तिसऱ्या कागदावर तिनं लिहिलं, 'तपासणी झालीच नव्हती. दुसऱ्याच्या नावाची खूण मी केली.' समासात विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"सही करा, मॅडम," मी म्हणालो.

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी तिला कधी 'अहो' म्हटलं नव्हतं. तिनं सही केली.

लाँड्रीवालीला मी पत्र दिलं. "ती खूण माझ्या बायकोची नव्हती."

"मग कुणाची?"

"त्यात लिहिलंय."

तिनं ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. मग ताईच्या बंद दाराकडे बघत राहिली. "मला तर ताईंनी स्वतःच्या हातानं पाणी आणून दिलं होतं," ती म्हणाली. "फॉर्म गेला त्याच दिवशी."

"आता दंड माफ होईल की नाही, मला माहीत नाही," मी खरं ते सांगितलं.

"बघू," ती म्हणाली. पिशवी काखेत मारली आणि कामावर गेली.

चाळीस फायली राहिल्या होत्या. त्या मी परत कपाटात ठेवल्या नाहीत, टोकनच्या टेबलावर रचून ठेवल्या. पहिल्या फाईलवरचा फोन नंबर लावला आणि म्हटलं, एकदा येऊन जा, एक प्रश्न विचारायचा राहिलाय.

कपाटाची चावी आता माझ्या खिशात असते.