पलीकडचं बोलणं

एक होतं कॉलेज, मुठीएवढं. त्यात होत्या स्पॅनिशच्या बाई, होते ऑफिसातले भाऊसाहेब, होती कपडे शिवणाऱ्या आईची एकुलती लेक, तिला सगळे टिकली म्हणत. आणि वर्गातल्या टेबलावर होतो मी. मी टेपरेकॉर्डर बोलतोय.

मला अक्षर म्हणाल तर एक येत नाही. पण कानावर पडलं की श्वासासकट लक्षात राहतं. कारखान्यातून निघताना वाटलं होतं, कुणाच्या घरी गाणी वाजवीन. नशिबी आला स्पॅनिशचा वर्ग आणि आठ विद्यार्थी, त्यातले तिघे हजेरीपुरते.

बाईंना ऐकू कमी यायचं. समोर ओठ दिसले तर निभायचं, फोनवर नुसती घरघर. म्हणून त्यांची रीतच निराळी. प्रत्येकाने माझ्यापुढे बसून बोलायचं, मग बाई हेडफोन चढवून, आवाज पूर्ण वाढवून ऐकणार आणि चुका काढणार. वय झालं तसा मी मधूनच टेप गिळायला लागलो. भाऊसाहेब म्हणायचे, "द्या हो भंगारात." ते बाईंना नेमकं ऐकू यायचं नाही.

टिकलीचे वडील बोटीवर फिटर. दूरच्या एका बंदरात शिडीवरून पडले. त्यांना तिथल्या हॉस्पिटलात ठेवून बोट पुढे निघून गेली, त्याला चार महिने झाले. कंपनी म्हणे, कळवू. हॉस्पिटलात फोन लावला की पलीकडे स्पॅनिश, आणि चार शब्दांत खाली ठेवला जायचा. माणूस आहे की नाही, एवढंही घरात ठाऊक नव्हतं. म्हणून पोरगी वर्गात आली. माझ्यापुढे बसून तीन महिने एकच घोकायची: आहेत का, कसे आहेत, कधी सोडणार.

एका दुपारी, तिकडे सकाळ उजाडते त्या वेळी, ऑफिसातून फोन लावायचं ठरलं. आई हातातली शिवण टाकून आली. आणि ऐन वेळी टिकलीचं तोंड उतरलं.

"आई, मी नुसतं विचारायलाच शिकले गं. ते काय म्हणतील ते मला कळायचं नाही."

"मग तीन महिने केलंस काय?"

बाईंनी दोघींच्या ओठांवरून ओळखलं. "उत्तर ह्याला ऐकू दे," म्हणाल्या आणि मला उचलून फोनशेजारी ठेवलं.

"ह्याला? अहो, हा टेप खातो," भाऊसाहेब म्हणाले.

"आज नाही खाणार," बाई त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी स्पीकरचं बटण दाबलं आणि माझ्या सैल प्लगवर अंगठा धरून बसले. फोन लागला. टिकलीने प्रश्न विचारले, एकही न अडखळता. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज, मग एक पुरुष भडाभडा बोलत सुटला. पोरीचे डोळे भिरभिरायला लागले. इकडे माझ्या पोटात टेप चुरगळायला लागली. मी घाबरलो. कुणाचा तरी बाप होता त्या टेपवर, चुरगळून कसं चालेल? दात-ओठ खाऊन चाक फिरवत राहिलो. फोन कटला.

बाईंनी टेप काढली, पेन्सिल घालून हलक्या हाताने सुरकुत्या सोडवल्या, परत माझ्यात घातली. हेडफोन चढवला. ऐकलं. मागे नेलं. पुन्हा ऐकलं. चेहऱ्यावर काही दिसेना.

"अहो बाई, असेल ते सांगा," आई म्हणाली. "मी उभी आहे."

"पाय मोडला होता. दोन ऑपरेशनं झाली. आता चालतात. सोडायला तयार आहेत, पण न्यायला कोणी येत नाही, कंपनीला कळवलं तर ती दाद देत नाही." मग त्यांनी टेप थोडी मागे नेली. "आणि त्या माणसाच्या आवाजामागे दुसरं कोणीतरी आहे. आपल्या भाषेत बोलतंय."

त्यांनी हेडफोनची वायर उपसली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. दुरून, दमलेला आवाज: "माझ्या घरून आहे का हो? मला द्या ना जरा."

आई खुर्चीवर बसली ती उठेचना. भाऊसाहेबांनीच कंपनीला फोन लावला आणि असे काही बोलले की ती भाषा मला बाईंनी कधी शिकवली नव्हती.

महिन्याभरात वडील परतले. बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला टिकलीच्या हवाली केलं. आता शिलाई मशीनशेजारी पडून असतो. पट्टा तुटलाय, दुरुस्त नाही केलात तरी चालेल, फक्त ती टेप माझ्यातून काढू नका. मला इथे ऐकायला पुष्कळ आहे. आई दिवसातून दहा वेळा आतून हाक मारते, "अहो," काही काम नसताना. आणि ते दहाही वेळा ओ देतात.