पॅडवरचं प्लास्टिक

लॅपटॉपचा पंखा नवा होता. दिराचा खेळ बघून सासूबाई हसत होत्या. पडद्यावरची गाडी प्रत्येक वळणावर अडखळत होती.

"वहिनी, तुम्ही पंखा बदलल्यापासून गेम अडकतोय," दीर म्हणाला.

वहिनींचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. "भाऊजी, नाचता येईना, अंगण वाकडं!" त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्याने मान खाली घातली.

तरी दुकानात नेऊन त्यांनी लॅपटॉप उघडला. पंखा बदलताना चिपची उष्णता ओढून घ्यायला बसवलेल्या नव्या पॅडवरचं पातळ प्लास्टिक काढायचं त्याच विसरल्या होत्या. चिप तापायची, म्हणून लॅपटॉप आपला वेग कमी करायचा.

प्लास्टिक सोलताना त्यांचे कान तापले. त्यांनी फोन लावला. "भाऊजी, चूक माझी होती."

"बरं," एवढंच तो म्हणाला.

आदल्या रविवारी याच लॅपटॉपवर गाडी अडखळून तो गेमच्या स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाद झाला होता.