उपाशी पट्टा

परभणीच्या शेतकी कॉलेजात अंगदचं पहिलं वर्ष कसंबसं निभलं होतं. दुसरं निभवायचं तर सुट्टीत तिथंच काहीतरी काम मिळणं भाग होतं. नाहीतर बापामागं मेंढरं होतीच की!

प्राध्यापक व्यंकटरावांना कपाशीच्या प्रयोगासाठी एक मदतनीस पोरगा हवा होता. प्रयोग साधा. वावराचे पट्टे पाडायचे, त्यांत शेणखत घालायचं, एक पट्टा मात्र मुद्दाम बिनखताचा ठेवायचा आणि पीक आल्यावर फरक बघायचा. अंगदनं अर्ज दिला. सर म्हणाले, "बघू, आठवड्यानं सांगतो."

झरीच्या शिवारात त्याचा बाप बिरू मेंढरं घेऊन उतरला होता. त्याला अंगदनं कामाचं आणि प्रयोगाच्या वावराचं सांगितलं.

"साहेबाला दिलंस काय?" बिरूनं विचारलं.

"अर्जी दिली की, आबा."

"नुसता कागद? मोकळ्या हातानं कुणी काम मागतं व्हय रं!"

अंगद हसला आणि विसरून गेला. इथंच चुकलं बघा. बिरू विसरणाऱ्यातला नव्हता. धनगरानं कुणाच्या वावरात रातभर मेंढरं बसवली, की लेंड्यांचं असं झकास खत पडतं, की भलेभले शेतकरी धान्य देऊन बोलावतात. बिरूनं ते फुकट द्यायचं ठरवलं. एवढी मोठी भेट त्यानं आजवर सोयऱ्यालासुद्धा दिली नव्हती.

चार दिवसांनी सकाळी प्रयोगाच्या वावरात व्यंकटरावांचा आवाज चढला होता. बिनखताचा पट्टा लेंड्यांनी काळा पडला होता!

राखणदार किशनराव हात जोडून म्हणाला, "एक म्हातारा धनगर आलता, साहेब. म्हणला, सगळ्या पट्ट्यात खत पडलंय, ह्यो एकलाच उपाशी हाय, बघवंना. पुण्याचं काम म्हणून म्या आडवलं न्हाई."

"कोण होता तो?"

"वळखीचा न्हवता."

आरडाओरडा ऐकून आलेला अंगद मागंच उभा होता. म्हातारा कोण ते त्यानं लगेच ओळखलं. गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागणार होता? पण बापाच्या भल्या मनाला अनोळखी म्हणणं त्याला लय जड गेलं.

"सर, ते माझे वडील. काम मला मिळावं म्हणून केलं त्यांनी."

व्यंकटराव त्याच्याकडं वळले. मग म्हणाले, "पिकाचे आकडे सोयीनं सांगणारे मला ढीगभर मिळतील. तू उद्यापासून ये. पलीकडं नवा पट्टा आखायचा, तोही तूच. आणि वडलांना म्हणावं, कृपा करा!"

अंगद आनंदानं तसाच झरीला पळाला.

"बग! पावल्या का न्हाई लेंड्या?" बिरूनं मांडीवर थाप मारली.

मग मात्र अंगदनं त्याला खाली बसवून सगळा प्रयोग समजावून सांगितला. बिरूचा चेहरा उतरला.

"म्हंजी म्या तुजं वाटोळंच करायलो होतो की रं."

"व्हय, आबा," अंगद म्हणाला आणि त्याला हसू आवरेना. बिरूही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"तरी बी ठिवलं त्यानं तुला?"

"ठिवलं."

बिरूनं पटका सारखा केला. "मंग लय मोठ्या मनाचा मानूस हाय. असल्या मानसाला काय तरी दिलंच पायजे!"

अंगदनं कोपरापासून हात जोडले.