ओटी आणि आकडा

“कोनी बाईनी तोंडे ओटी मांगी, ते तिले नही म्हनानं नही.”

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण श्रावणातल्या शुक्रवारी ताटात खण-नारळ मांडायला घेतला की यशोदाबाईंच्या कानाशी हे वाक्य हमखास यायचं. बाईनं स्वतःच्या तोंडानं ओटी मागितली, तर तिला नाही म्हणायचं नाही. मग ती ओळखीची असो, नसो. मागणारी बाई नसते, देवी असते, असं सासूबाईंचं म्हणणं.

दुसरं वाक्य होतं सुनेचं. पुनम जळगावला मेहरूणमध्ये राहायची आणि महिन्या-पंधरा दिवसांनी एरंडोलला यायची. यशोदाबाईंच्या हातात मोठा फोन तिनंच दिला होता. शिकवतानाही तिनं सासूचा कल पाहून शिकवलं. पिन म्हणजे तुमचा कानमंत्र, आई. गुरूनं दिलेला मंत्र आपण कुणाला सांगतो का? येणाऱ्या पैशाला काही दाबावं लागत नाही, पिन लागतो तो फक्त देताना. आणि शेवटचं तिनं दोनदा बजावलं होतं, “फोनवर आपोआप एखादा आकडा आला, तर तो कुणालाही सांगायचा नाही. बँकेनं विचारला तरी नाही, मी विचारला तरी नाही.” यशोदाबाईंनी देवापुढे हात ठेवून तसा शब्द दिला होता. त्या रोजच्या नेमाच्या बाई. अंघोळीनंतर तुळशीला पाणी, मग पोथीचं एक पान, मग चहा. त्यात हा एक नेम वाढला. पिन टाकायची वेळ आली की त्या फोनवर पदर धरायच्या, नैवेद्य दाखवताना देवापुढे पडदा धरावा तसा.

यंदा मात्र या फोनवर सगळ्या गल्लीचा भार आला होता. श्रावणातल्या रविवारी गल्लीत कानबाई बसायची. कानबाई म्हणजे खानदेशाची लाडकी देवी. एक रात्र मुक्काम करते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. तिची वर्गणी दरवर्षी गल्लीतल्या सुंदरबाईंच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात असायची. गेल्या वर्षी त्या डब्याला उंदरांनी भोक पाडलं आणि नोटांचा असा भुगा केला की मांडववाल्यापुढे तो भुगा ठेवून सुंदरबाई रडल्या. तेव्हा ठरलं की यंदा रोख नको. पैसे यशोदाबाईंच्या खात्यात जमा व्हायचे. चौकोनी काळं-पांढरं चित्र तुळशीवृंदावनाला चिकटवलं गेलं आणि पैसे आल्याची वर्दी देणारा डबा देवघरात बसला, कारण विजेचं बटण तिथंच होतं. आरती रंगात आली की डब्यातली बाई मध्येच खणखणीत आवाजात रक्कम सांगायची. यशोदाबाई आरती न थांबवता तिलाही हात जोडायच्या.

अभिमन आबांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, यातलं काहीच मान्य नव्हतं. ते रोज सकाळी ओट्यावरून विचारायचे, आहेत का पैसे, की उडाले रात्रीतून? जे दिसत नाही ते पैसे कसले? यशोदाबाई हळूच म्हणायच्या, देव तरी कुठे दिसतो. मग आबा तंबाखू मळत बसायचे.

मुलानं, भूषणनं, मात्र एक अट घातली होती. एकदा जरी गडबड झाली तरी हा फोन परत घ्यायचा आणि आईला बटणांचा साधा फोन द्यायचा. तो वाईट मनानं बोलला नव्हता; नोकरी बँकेत, तिथं रोज रडणारी माणसं पाहतो म्हणाला. पण यशोदाबाईंना खरी काळजी वेगळीच होती. फोन गेला तर गेला. गल्लीची कानबाई आपल्यामुळे बिनमांडवाची बसली, तर तोंड कुणाला दाखवायचं?

तर तो शुक्रवार. कानबाई दोन दिवसांवर. यशोदाबाईंचा श्रावणातला नेम असा की शुक्रवारी एका सवाष्णीची ओटी भरायची आणि मगच तोंडात घास घालायचा. त्या दिवशी सुनंदाबाई यायच्या होत्या. ऐन वेळी निरोप आला की त्यांना ताप भरलाय. शेजारची माहेरी, पलीकडची शेतात, सुंदरबाईंची ओटी गेल्याच शुक्रवारी झालेली. ताट मांडून तयार आणि सवाष्णीचा पत्ता नाही. देवी, आता तूच कुणाला तरी पाठव, असं त्या म्हणाल्या, आणि फोन वाजला.

पलीकडे एक मुलगी होती. बँकेतून बोलते म्हणाली. यशोदाबाईंचं पूर्ण नाव तिला माहीत होतं, बँक कुठली तेही माहीत होतं. कागदपत्रं जुनी झाली आहेत, संध्याकाळपर्यंत खातं बंद होईल आणि आतले पैसे अडकतील, असं ती एका दमात बोलली. यशोदाबाईंच्या डोळ्यांपुढे बिनमांडवाची कानबाई उभी राहिली. बँकेशी बोलायचं म्हणून त्यांनी घरची अहिराणी बाजूला ठेवून ठेवणीतली मराठी काढली आणि विचारलं, काय करावं लागेल.

“काही नाही मॅडम, फक्त ओटीपी द्यायचा.”

पुनमनं आकडा म्हणून शिकवलेलं. हा शब्द यशोदाबाईंनी कधी ऐकलाच नव्हता. त्यांनी ऐकलं ते एवढंच की ओटी. पुढचं ‘पी’ त्यांनी सोडून दिलं. शहरातल्या पोरी कशालाही शेपूट लावतात. त्यांची नजर ताटाकडे गेली आणि अंगावर काटाच आला. मागितली. तोंडानं मागितली.

“देते की,” त्या म्हणाल्या. “तयारच आहे. लग्न झालंय ना तुझं?”

“झालंय. त्याचा काय संबंध, मॅडम?”

“संबंध कसा नाही? त्याशिवाय कशी देणार?”

मुलीला बहुधा वाटलं, बँकेनं काही नवीन सावधगिरी काढली असेल. तिनं नेटानं विचारलं, सहा अंकी आहे ना? यशोदाबाई म्हणाल्या, सहा नव्हे, पाच. पाच खारका, पाच बदाम, पाच हळकुंडं. सहाची पद्धत आमच्यात नाही, तुमच्याकडे असेल तर सांग, एकेक वाढवते.

“मॅडम, ओटीपी आला का तेवढं सांगा.”

“ओटी येत नसते बाळा. घेणारीनं यायचं असतं. कधी येतेस?”

“मला येता येणार नाही. तुम्ही फोनवरच द्या.”

“फोनवर पदर कसा पसरशील?”

ओट्यावरून आबांनी विचारलं, कोण आहे गं एवढा वेळ. यशोदाबाईंनी फोनवर हात धरून सांगितलं, बँक आहे, ओटी मागते आहे. आबांनी तंबाखूची चिमूट थांबवली. “बँक सवाष्ण आहे का?” त्यांनी शांतपणे विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता चिमूट तोंडात टाकली.

फोनमध्ये आता एका पुरुषाचा आवाज मागून दटावत होता. मुलीचा श्वास धाप लागल्यासारखा येत होता. चार लेकरांची बाळंतपणं काढलेल्या यशोदाबाईंना तो श्वास ओळखायला वेळ लागला नाही. आवाज दमलेला वाटतोय, त्या म्हणाल्या, दिवस गेलेत का तुला?

उत्तर आलं ते अगदी हळू, आणि बँकेच्या भाषेत नाही.

“सातवा लागना.”

यशोदाबाईंचीही ठेवणीतली मराठी गळून पडली. त्यांनी विचारलं, “कोठली तू?”

“धुयानी.” म्हणजे धुळ्याची.

“ओटी भरी का कोनी तुनी?”

“कोन भरी? माय नही शे मनी.” तिला आई नव्हती.

“मी भरसू,” यशोदाबाई म्हणाल्या. “शबद शे मना.”

मागचा आवाज आता चढला. मुलगी पुन्हा बँकेची झाली, घाईघाईनं म्हणाली, मॅडम, तुमच्या मोबाइलवर आत्ता एक आकडा आलाय, तेवढा वाचून दाखवा. यशोदाबाईंनी चष्मा लावला. फोन कानापासून दूर धरला. खरंच आकडा आला होता, सहा घरांचा, डोळ्यांसमोर स्वच्छ. वाचायला ओठ उघडलेसुद्धा.

आकडा.

ओठ मिटले. ओटी मागितली तर नाही म्हणायचं नाही. आकडा मागितला तर द्यायचा नाही. एक वाक्य सासूचं, एक सुनेचं, आणि मध्ये आपण. आयुष्यभर याच जागी उभ्या होत्या त्या. फोनवर ही पाळी पहिल्यांदाच आली होती. पण या वेळी वाट सरळ दिसली. दोघींचं वेगवेगळं होतं, तेव्हा दोघींचंही पाळता येत होतं.

“ओटी मागितलीस, ती तुझी झाली,” त्या मऊ आवाजात म्हणाल्या. “आकडा मात्र मिळायचा नाही. माझ्या सुनेनं मागितला तरी देणार नाही. तिनंच तशी शपथ घातलीय.”

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. मग मुलीचा आवाज आला, हाताआड धरल्यासारखा.

“माय, फोन ठी दे. तो आकडा कोनलेच सांगजो नको.”

आणि फोन बंद झाला.

यशोदाबाईंनी पुनमला फोन लावून सगळं सांगितलं. आकडा दिला नाही ना हे पुनमनं तीन वेळा विचारलं, आणि मग ती जी हसायला लागली ती भूषणनं फोन हातातून घेईपर्यंत. भूषण हसला नाही. त्यानं बँकेला कळवलं, तक्रार नोंदवली, खातं तपासून घेतलं. पैसे जागच्या जागी होते. मग आईला त्यानं एकेक करून विचारलं, तिला काय काय सांगितलंस. यशोदाबाईंनी आठवून सांगितलं, पाच खारका, पाच बदाम, पाच हळकुंडं. भूषण म्हणाला, फोन असू दे तुझ्याकडे.

कानबाई थाटात बसली. मांडववाल्याचे पैसे यशोदाबाईंनी पदराआडून दिले. गल्लीत महिनाभर पुरेल असा विनोद झाला. सुंदरबाई तर भेटेल तिला विचारायच्या, काय गं, तुझी ओटी आली का, सहा अंकी? पण त्याच सुंदरबाई दुसऱ्या दिवशी नातवाचा फोन पदरात लपवून आल्या, आणि कुणी पाहत नाही असं बघून म्हणाल्या, मलाही तो कानमंत्र शिकव.

भूषण म्हणाला होता की ती मुलगी चोर आहे, तिचा विचारही करायचा नाही. मुलाशी यशोदाबाई वाद घालत नसत. चोर असेलही. पण फोन ठी दे असं सांगणारीही तीच होती. आणि शुक्रवारचं ताट देवघरात तसंच झाकलेलं होतं. त्या दिवशी त्यांनी दूधच घेतलं होतं. घास गिळला नव्हता. ती ओटी आता दुसऱ्या कुणाची भरणं बरं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी तुळशीला पाणी घालून त्यांनी आबांना सांगितलं, जरा जाऊन येते. आबांनी विचारलं, कुठे. देवीला, त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. पिशवीत खण होता, नारळ होता, आणि खारका, बदाम, हळकुंडं, सगळं सहा-सहा. धुळ्याला पांझरेच्या काठी एकवीरेच्या पदरात ती ओटी घालायची आणि सांगायचं, ही एका सातव्या महिन्याच्या पोरीची. नाव विचारायचं राहून गेलं होतं. देवीला पत्ता माहीत असेल.

स्टँडवर धुळ्याची बस लागलेली होती. त्या खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टरनं मशीन पुढे केलं. यशोदाबाईंनी फोन काढला, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि त्याच्या आडोशाला सावकाश एकेक आकडा दाबला.